पायांपुरता आरसा

६ मार्च

प्रिय बटण,

आधी बातमी सांगते, नाहीतर तू सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचशील. छकुलीचं लग्न ठरलं! मुलगा चांगला आहे, उंच आहे, बोलतो कमी आणि जेवतो मनापासून. त्या दोघांचं केव्हाच ठरलेलं होतं, आम्हाला आपलं मान द्यायचा म्हणून शेवटी विचारलं. लग्न मेच्या अखेरीला, इथेच, घरच्या माणसांत.

फोन करणार होते, पण फोनवर मला रडू येतं आणि तू नुसतं 'हं, हं' करतेस. शिवाय शाळेतल्या सिस्टरांनी पट्टीने बोटांवर मारून घडवलेलं हे अक्षर कुठेतरी वापरायला हवं. नणंद-भावजया एकमेकींना पत्रं लिहितात याचं छकुलीला हसू येतं. तिला काय माहीत, भावजय होण्याआधी तू शाळेच्या बाकावर माझा डबा फस्त करायचीस. आणि दादाला पहिल्यांदा पाहिलंस तेही आमच्या दुकानात, शाळेच्या बुटांचं माप देताना. "शिडी, तुझ्या भावाने माझ्या पायाला हात लावला," हे तू दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत माझ्या कानात सांगितलंस आणि आपल्या दोघींना वर्गाबाहेर उभं केलं.

आता खरं काम. होणाऱ्या विहीणबाई लहानपणी काही वर्षं तुमच्या शहरात होत्या. परवा मी सहज म्हटलं, माझ्या भावाचं बुटांचं दुकान आहे, मोठ्या रस्त्यावर. त्या एकदम सरळ बसल्या. "हिरव्या दाराचं? पितळी मूठ होती तेच ना? अहो, मी त्या काचेपुढे नाक लावून उभी राहायचे! आईने आत कधी नेलं नाही. म्हणायची, तिथे आत जायलाच आधी चांगले बूट लागतात."

आम्ही खूप हसलो. आणि मला इतका अभिमान वाटला, काय सांगू तुला. सासूबाईंच्या आजारपणात गेली काही वर्षं मला घराचा उंबरा ओलांडता आला नाही, तरी डोळे मिटले की तो रस्ता जसाच्या तसा समोर येतो. कमानीखालची सावली, दुकानांवरचे पट्ट्यापट्ट्यांचे कापडी पडदे, संध्याकाळी एकेक करून लागणारे काचेतले दिवे. बाबा गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायला जायचे आणि घंटा वाजायची. त्या रस्त्यावर माणसं हळू बोलायची. आमच्या गावातही आता मॉल झालाय. एकदा गेले होते. डब्यात कोंडल्यासारखं वाटतं, खिडकी नाही, घड्याळ नाही, वरून सारखं कुणीतरी गात असतं.

तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी, छकुली आणि विहीणबाई, तिघी येतो. लग्नाचे बूट मामाच्या हातचे, मामाच्या दुकानातले. दादाला सांग, तो करडा कोट घाल म्हणावं.

तुझी,
शिडी

१४ मार्च

प्रिय शिडी,

छकुलीला माझा मोठ्ठा पापा. वाचून मी स्वयंपाकघरातच नाचले आणि दूध उतू गेलं, त्याचा खर्च तुझ्याकडे. तुझ्या दादाला सांगितलं. तो बराच वेळ हसत बसला, मग म्हणाला, "ती एवढी मोठी झाली? तिच्या पायाचं माप अजून माझ्या डोक्यात बाहुलीएवढंच आहे."

येण्याचं मात्र एवढ्यात नको गं. रस्त्यावर सगळीकडे खोदकाम चाललंय. दुकानाबाहेर बांबू बांधलेत, आत धूळ, बसायला जागा नाही. विहीणबाईंना असं दाखवायचं का? तू असं कर, छकुलीला कोऱ्या कागदावर उभी कर आणि पेन्सिलने पायाभोवती रेघ ओढून कागद मला पाठव. जोडा घरपोच येईल. किंवा तिकडेच कुठेतरी घ्या. हल्लीच्या मुलींना सगळे बूट एका दिवसापुरतेच हवे असतात.

माझा गुडघा बरा. वजनाचं विचारू नकोस, नाव बटण ते बटणच.

तुझी,
बटण

२० मार्च

प्रिय बटण,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'तिकडेच कुठेतरी घ्या'? आमच्या घरात सख्ख्या भाचीच्या लग्नाला हे वाक्य पूर्वी कुणाच्या तोंडून निघालं नसतं.

स्पष्टच विचारते, राग मानू नकोस. खर्चाची भीती वाटते का? मी काही फुकट घेऊन जायला येत नाहीये. की मी येते म्हटलं की तुला पूर्वीसारखं वाटतं, आली सासरची पाहणी करायला? बाबांनी ते दुकान दादाच्या नावावर केलं तेव्हा मी एक अक्षर बोलले नाही, आजही बोलणार नाही. पण त्या दारातून आत जायचा हक्क मी कुणाला देऊन टाकलेला नाही.

विहीणबाईंनी तिकिटं काढलीसुद्धा. उतरायला हॉटेल घेतलंय, तुला कसला त्रास नाही. बांबू बांधलेत तर बांबूतून बघू. काच तरी दिसेल.

शिडी

२६ मार्च

शिडी,

माझ्यावर हवं तेवढं रागाव. हवं तर लग्नालाही बोलावू नकोस. पण दुकानाकडे जाऊ नकोस. तुझा दादा त्या आठवड्यात चामडं बघायला बाहेरगावी जातोय, दार बंदच असेल. माझ्याकडे घरी या तिघी. मी जेवायला करते, आपण गप्पा मारू, मी तुझ्या विहीणबाईंना तुझी शाळेतली एकही गोष्ट सांगणार नाही, शपथ.

एवढं ऐक माझं. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

बटण

११ एप्रिल

प्रिय बटण,

आम्ही सुखरूप परतलो. तुझ्याकडे यायचं राहून गेलं, विहीणबाईंचे पाय फार दुखत होते आणि छकुलीची कापडखरेदी संपता संपेना. तू वाट बघितली असशील, माफ कर.

दुकानाकडे गेलो नाही. तुझं ऐकलं. रस्ता लांबूनच पाहिला. बूट अजून घ्यायचेत, बघू, इथेच कुठेतरी घेऊ. तू म्हणत होतीस तेच बरं.

दादा बाहेरगावाहून आला का? त्याची तब्येत कशी असते हल्ली? या वयात दिवसभर उभं राहून पाय सुजत असतील, त्याला रात्री कोमट पाण्यात पाय ठेवायला सांगत जा. आणि सारखं खाली वाकू नको म्हणावं.

घाईत लिहितेय.

तुझी,
शिडी

१७ एप्रिल

शिडी,

पुरे झालं. तुझंही आणि माझंही.

तो बाहेरगावी गेलेला नव्हता आणि ते तुला माहीत आहे. त्याने तुला पाहिलं.

तुझा चेहरा नाही पाहिला. खोक्यांच्या उतरंडीमागे तू चेहरा लपवलास, पण बुटांच्या दुकानात बाकाखाली तिरका आरसा असतो, हे बुटांच्या दुकानात वाढलेल्या बाईने विसरावं? पायांपुरताच आरसा तो. एका लहान मुलाची लेस बांधत तो खाली बसला होता, मान वर केली तर आरशात खोक्यांपलीकडे तपकिरी जोडा, बाजूला बक्कल, उजवी टाच बाहेरून झिजलेली. त्यानेच तुझ्यासाठी केलेला जोडा. तो उठणार होता, हाक मारणार होता. तेवढ्यात तुझा आवाज आला. "चला, इथे काही चांगलं नसतं."

घरी येऊन त्याने हे सांगितलं ते असं, जसं काही बाजारातून भाजी मिळाली नाही. "ती आली होती. टाच अजून तशीच झिजवते." मग हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

आता सगळं ऐक. दुकान जाऊन दीड वर्ष होत आलं. तुला वाटत असेल मॉलने खाल्लं. नाही गं. तो रस्ता मेला नाही, श्रीमंत झाला. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांना तिथे आपल्या नावाची पाटी हवी झाली, विक्री होवो न होवो. इमारतीच्या मालकाने भाडं असं वाढवलं की आम्ही वाचूनच खाली बसलो. आता तिथे घड्याळांचं दुकान आहे. हिरवं दार काढून अख्खी काच लावलीय, आत सोफ्यावर एक कुत्रं झोपलेलं असतं, तेही त्यांचंच. बाबांचे बूट घडवायचे लाकडी साचे आमच्या पलंगाखाली आहेत.

मग तो मॉलमधल्या त्या मोठ्या दुकानात लागला. या वयात नोकरी, नारिंगी टी-शर्ट, छातीवर नावाची पट्टी. कामाला मागच्या दाराने जायचं, कचऱ्याच्या डब्यांजवळून. निघताना पिशवी उघडून दाखवायची. मला वाटलं आता हा खचतो. आणि शिडी, तो खुशीत होता! मला सांगायचा, "अगं, इथे दारच नाही. सगळं सताड उघडं. माणसं पोरंबाळं घेऊन येतात, बूट घालून उड्या मारून बघतात, न घेता जातात आणि कुणाला ओशाळल्यासारखं होत नाही. आपल्या काचेबाहेरून किती जण परत गेले असतील, मला कधी दिसलंच नाही."

लाज त्याला नव्हती. मला होती. त्याने मला सांगितलं होतं, "ताबडतोब लिही तिला, दुकान गेलं म्हणून. तिला दुसऱ्याकडून कळायला नको." मी म्हटलं, लिहिलं. लिहिलंच नाही. तू दर पत्रात त्या कमानी आणि ते दिवे लिहायचीस, माझा हात धजेना. तुझ्या डोळ्यांत मी अजून मोठ्या रस्त्यावरची होते, मला तसंच राहायचं होतं. तू येणार हेही मी त्याला सांगितलं नव्हतं.

म्हणजे त्याला काय वाटतंय, कळलं ना? तुला सगळं ठाऊक होतं, तू बघायला आलीस, आणि बघून लपलीस.

दुसऱ्या दिवशी त्याने तिथलं दुकान सांभाळणाऱ्या मुलीला सांगून स्वतःला मागच्या गोदामात घालून घेतलं. आता खोकी लावतो. गिऱ्हाइकासमोर येत नाही. लग्नाला येणार नाही म्हणतो. "तिला उगीच अवघड होईल."

बटण

२३ एप्रिल

प्रिय बटण,

पत्र वाचून मी न्हाणीघरात जाऊन बसले. घरात सगळे होते.

झालं ते लिहिते. तू कुणालाही दाखवलंस तरी चालेल.

आम्ही आधी रस्त्यावरच गेलो होतो. तू नको म्हणत होतीस म्हणून मी मुद्दामच नेलं. विहीणबाई लहान मुलीसारख्या पुढे पुढे चालत होत्या. आणि तिथे ती काच, तो सोफा, दारात काळ्या कोटातला पहारेकरी. त्याने आमच्याकडे नुसतं बघितलं आणि आम्ही तिघी आपोआप मागे सरकलो. त्याच दाराबाहेर, जिथे मी पायरीवर बसून अभ्यास केला! विहीणबाई म्हणाल्या, "भावाने हलवलं वाटतं दुकान? कळवलं नाही तुम्हाला?" मी म्हटलं, "हो हो, हलवणार होते, मीच विसरले." एवढं सफाईदार खोटं मला येतं हे मलाही माहीत नव्हतं.

मग त्यांना बसायला हवं होतं, म्हणून मॉलमध्ये शिरलो. छकुली वरच्या मजल्यावर कापडं बघायला गेली. सरकत्या जिन्यावरून उतरले आणि समोर तो. गुडघ्यावर बसलेला, त्या रंगाच्या टी-शर्टात, मागून केस विरळ झालेले. एक पोरगं त्याच्या खांद्यावर हात टेकवून उभं होतं.

मला लाज त्याची वाटली नाही, परिस्थितीची वाटली, असं लिहिणार होते. तसं एक पत्र लिहून फाडलंसुद्धा. त्याचीच वाटली. त्या टी-शर्टाची, त्या पट्टीची. विहीणबाई शेजारी होत्या आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट, यांनी ओळखायला नको. म्हणून ते वाक्य बोलले आणि त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. त्याने ऐकलं असेल असं स्वप्नातही आलं नाही.

तू मला आधी लिहिलं असतंस तर मी तयारीने आले असते. हे तुला लागावं म्हणूनच लिहितेय. पण तयारीने म्हणजे काय, तर आलेच नसते बहुतेक. म्हणजे दोष कुठेही ठेवला तरी घरंगळत माझ्याकडेच येतो.

त्याला सांग, मला माहीत नव्हतं. निदान एवढं सांग.

शिडी

२९ एप्रिल

शिडी,

सांगितलं. माझं खोटंही सांगितलं. त्याने जेवता जेवता ताट सरकवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. पण ओरडला नाही. म्हणाला, "माहीत नव्हतं, मग तर जास्तच. माहीत नसताना भाऊ असा दिसला तर माणूस धावत येतं. दादा, तू इथे कसा, म्हणून."

यावर तुला सुचत असेल तर तू बोल.

रडायला येणार असशील तर येऊ नकोस, रडायला मी एकटी पुरे. आणि घरी तर येऊच नकोस. घरी तो तुला पाणी देईल, खुशाली विचारेल आणि तुझी चूक गोड बोलून झाकून टाकेल. जिथे लपलीस तिथे ये. ज्यांच्यापासून लपवलंस त्यांना घेऊन ये.

मी असणार नाही. माझं तोंडही काही दाखवण्यासारखं नाही.

बटण

९ मे

प्रिय बटण,

काल जाऊन आले. परतीच्या गाडीतच लिहितेय, अक्षर हलतंय ते त्यामुळे.

विहीणबाईंना आधी सगळं सांगायचं ठरवलं होतं. घरून निघताना सांगीन म्हटलं, गाडीत सांगीन म्हटलं, स्टेशनवर चहा घेताना तोंड उघडलंसुद्धा, आणि "साखर जास्त आहे" एवढंच बोलले. शेवटी म्हणाले, छकुलीच्या मामाला भेटायचंय. मॉलच्या दारात त्या म्हणाल्या, "अरे वा, मामा इथे भेटणार का? कॉफी प्यायला?"

दुकानात एक चुणचुणीत मुलगी पुढे आली. मी म्हटलं, "तुमच्याकडे एक वयस्कर गृहस्थ आहेत ना?"

"मास्तर? आम्ही मास्तरच म्हणतो त्यांना. हल्ली मागेच असतात. आम्ही कित्ती सांगितलं, तुमच्याशिवाय लहान मुलं आमचं ऐकत नाहीत, पण येतच नाहीत बाहेर. बोलावू? कोण आलंय सांगू?"

बटण, साधा प्रश्न होता. छकुली माझ्याकडे बघत होती, विहीणबाई बघत होत्या. माझ्या ओठांवर काय आलं होतं माहीत आहे? 'ओळखीच्या आहोत म्हणावं.' गिळलं ते. म्हटलं, "त्यांची बहीण."

वरून गाणं चालू होतं. तिला ऐकू गेलं नाही. "कोण?"

"बहीण."

"सॉरी मॅडम, कोण म्हणालात?"

"बहीण! मी त्यांची सख्खी बहीण आहे!"

असं ओरडले की बूट घालून बघणारी सगळी माणसं वळली. एक आजोबा एका पायात बूट घालून तसेच उभे राहिले.

तो आला. हाताला खोक्यांची धूळ. सवयीने आधी आमच्या तिघींच्या पायांकडे नजर गेली, मग माझ्या तोंडाकडे. मी जुनाच जोडा घालून गेले होते. दुसरा घालायची हिंमत झाली नाही. छकुली "मामा!" म्हणून त्याच्या गळ्यातच पडली, तिला तर माझ्या लपण्याचं काहीच माहीत नव्हतं. तिच्या पाठीवर धूळ लागू नये म्हणून त्याने हात हवेतच धरले.

"या, बसा," तो म्हणाला. मलाही 'बसा'.

विहीणबाई म्हणाल्या, "हेच का तुमचे बंधू? म्हणजे त्या दिवशी आपण..." आणि थांबल्या. खोक्यांच्या उतरंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बुद्धिमान बाई आहे, सगळं कळलं.

तोच म्हणाला, "दुकान आता नाही माझं. इथे कामाला आहे."

"मग मला काम सांगायला बरं," त्या बाकावर बसत म्हणाल्या. "हा गुडघा वाकत नाही. स्वतःच्या हाताने बूट चढवता येत नाही. काही आहे का माझ्यासारख्या म्हातारीला?"

तो खाली बसला आणि त्यांचा पाय हातात घेतला. मला ते बघवेना. छकुलीचा मामा, माझ्या होणाऱ्या विहिणीच्या पायाशी. मी पुढे झाले. "दादा, तू नको, ती मुलगी करेल ना."

त्याने मान वर केली नाही. हळूच म्हणाला, "का? बाबाही हेच करायचे. रोज करायचे. तेव्हा तू शेजारी उभी राहून बघायचीस आणि शाळेत ऐटीत सांगायचीस."

बटण, मी आयुष्यभर ते दार आठवलं, ती मूठ, ते दिवे, तो करडा कोट. बाबा कुणासमोर तरी गुडघ्यावर बसलेले मला कधी आठवलेच नाहीत. तू म्हणशील, आठवण आपल्याला हवी तेवढीच उजेडात ठेवते. तसं नाही. मी ठेवली.

विहीणबाईंनी जोडा घेतला. छकुलीने घेतला. त्याने तिला चालायला लावलं, अंगठ्याजवळ दाबून बघितलं, "इथे चावेल, नाचायचं असेल तर अर्धा नंबर मोठा घे," म्हणाला. मी विचारलं, "लग्नाला येशील ना?" तो खोकी गोळा करत होता. "बघतो. रजा मिळायला हवी." ही अडचण आहे की नकार, मला कळलं नाही. विचारायचा हक्क उरला नव्हता.

बाहेर आल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "दुकान नाही याचं मला काही नाही हो. पण त्या दिवशी दंडाला धरून ओढलंत मला, तो दंड दोन दिवस दुखत होता." आणि पुढे चालू लागल्या. छकुली समोर बसलीय आत्ता. खिडकीबाहेर बघतेय.

शिडी

१६ मे

प्रिय शिडी,

तो परवापासून पुन्हा बाहेर, गिऱ्हाइकांत आहे. लहान मुलं ऐकेनात म्हणून त्या मुलीनेच ओढून आणलं म्हणे. माझ्याशी अजून नीट बोलत नाही, मीठ मागतो तेवढंच. माझी शिक्षा चालू आहे, चालू राहू दे.

आता रजेचं. तो रजा मागायला गेला होता. मी त्याला सांगितलं नव्हतं, तू विचारलंस म्हणून गेला असेल किंवा छकुलीसाठी. स्वतःच्या दुकानाचा इतकी वर्षं मालक असलेला माणूस, कुणापुढे रजेसाठी उभा राहायची पाळी आली नव्हती. तिथे नियम आहे, लग्नाची रजा सख्ख्या नात्यातच मिळते. चुलत, मावस, मानलेलं काही चालत नाही. त्या मुलीने हसत विचारलं, "मास्तर, सख्ख्या बहिणीचीच मुलगी ना?" तिने तर तुला भर दुकानात ओरडताना ऐकलंय, तिला उत्तर ठाऊकच होतं. नियम म्हणून विचारलं.

तो 'हो' म्हणाला. रजा मिळाली. आम्ही दोघं येतोय. आदल्या दिवशी संध्याकाळी पोचू, उतरायला तुमच्याकडेच.

पण शिडी, तू मला सगळं खरं लिहिलंस म्हणून मीही लिहिते. 'हो' लगेच म्हणाला नाही. ती मुलगी पेन धरून थांबली होती, मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं, आणि तो थांबला. हे मला त्या मुलीने सांगितलं नाही. त्यानेच घरी येऊन सांगितलं, मान खाली घालून. त्याला फार लाज वाटत होती.

तुझी,
बटण